रोटाची मूठ

जळगावच्या बाजारात हिलालसारखी साडी कोणी विकली नाही. यावर कोणाला वाद घालायचा असेल, तर त्यानं आधी पिंप्राळ्यातल्या म्हाताऱ्या बायांना विचारून यावं आणि मग तोंड उघडावं. ते दिवसच वेगळे होते. दुकानात खुर्च्या नव्हत्या, काचेची कपाटं नव्हती. पांढरीशुभ्र चादर घातलेली गादी, भिंतीला साड्यांच्या थप्प्या. गिऱ्हाईक आलं की आधी पाण्याचा पेला, मग चहा, आणि मग हिलाल.

“माय, ही नका घेऊ,” तो म्हणायचा. “ही तुम्हाला महागात पडेल. ही नेसून लग्नाला गेल्या तर नणंद मागून घेईल, मग दुसरी घ्यायला परत माझ्याकडेच यावं लागेल.” बाई हसायची आणि नेमकी तीच साडी बांधून घ्यायची. गल्ल्यावरचे शेटजी नुसती मान हलवायचे.

रात्री जेवताना घरी पुन्हा तोच खेळ. पिंप्राळ्यात भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रे. हिलाल टॉवेल खांद्यावर पदरासारखा घेऊन दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा आणि इंदू नि बेबी, त्याच्या दोघी मुली, हसून हसून लोळायच्या. पुष्पा वरवर रागवायची, “जेवा आधी, भाकरी वातड झाली!” पण तीही पदराआड हसत असायची. शेवभाजीचा झणका, स्टोव्हचा आवाज आणि ह्या माणसाची बडबड, असं ते घर होतं. पुढं कितीतरी वर्षांनी चांगलं पक्कं घर झालं, पण पुष्पाला विचाराल तर ती अजून त्या पत्र्याच्या खोल्यांचंच नाव काढते.

अन् मग माघातली लगीनसराई सुरू झाली, आणि त्या माणसाची वाचा बसली.

नशिराबादचं लग्नघर आलं होतं बस्ता बांधायला. हिलालनं शालू उलगडला, पदर पसरला, आणि त्यावर हात ठेवून नुसता बसून राहिला. नवरीच्या आईनं विचारलं, “भाऊ, भाव काय?” त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेटजींनी त्याला रिक्षात घालून घरी पाठवलं. उद्यापर्यंत येईल ठिकाणावर, असं सगळ्यांना वाटलं. होळी गेली, आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया गेली, तो काही ठिकाणावर आला नाही. दाराच्या मागं, भिंतीला पाठ लावून बसायचा. विचारलं तर ‘हूं’. वाढलं तर खायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही.

काही घडलं असतं तर सांगता तरी आलं असतं. कोणी गेलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. पण लोकांना कारण लागतं ना! गल्लीतल्या एकीनं नजर लागली म्हटलं, दुसरीनं करणी, तिसरीनं तर कुठलीशी बाईच शोधून काढली. अगं, जो माणूस दिवसभर दुकानात आणि रात्री पोरींसमोर पदर घेऊन नाचतो, त्याला बाई ठेवायला वेळ कुठून मिळणार? पण जिभेला हाड नसतं, आणि रिकाम्या जिभेला तर मुळीच नसतं.

हिलालचा मोठा भाऊ पंडित धुळ्याकडच्या गावाहून भगत घेऊन आला. लिंबं कापली, धूप घातला, हिलालच्या अंगावरून कोंबडं उतरवलं. पुष्पानं एकदा सहन केलं. भगत दुसऱ्यांदा आला तेव्हा तिनं दाराला कडी लावली आणि आतून सांगितलं, “घरात कोणी नाही.” पंडित चिडला. त्याच्या लेखी भावजय हाताबाहेर गेली होती.

शेजारच्या सुनंदाबाईचा भाऊ अशाच दुखण्यातून उठला होता. तिनं धुळ्याच्या एका डॉक्टरचा पत्ता दिला. पुष्पा नवऱ्याला घेऊन एस्टीनं गेली. डॉक्टरनं हिलालला थोडं विचारलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, “हा आजार आहे. बाधा नाही आणि आळसही नाही. वेळ लागेल. काय झालं, काय झालं, म्हणून त्यांच्या मागं लागू नका. हाताला काहीतरी काम द्या आणि माणसांत ठेवा.” मग चष्म्यावरून पुष्पाकडे बघून एकदम ओरडलाच. “आणि तुम्ही? शेवटचं पोटभर कधी जेवलात? झोपलात कधी? दोघांतलं एक तरी धड राहू द्या, नाहीतर पुढच्या खेपेला पोरी तुम्हा दोघांना घेऊन येतील.”

पुष्पाला राग आला. परत येताना पारोळ्यापर्यंत ती मनात त्या डॉक्टरला शिव्या घालत होती. पारोळ्याला गाडी थांबली, तेव्हा तिनं दोन प्लेट भजी घेतल्या. एक नवऱ्याच्या हातात दिली आणि दुसरी स्वतः, एकही भजं पोरींसाठी न ठेवता, खाऊन टाकली. किती महिन्यांनी तिला भजी तिखट लागली.

तिथून तिनं धड राहायचं मनावर घेतलं. बाईनं मनावर घेतलं की काय होतं ते सांगायला नको. रडायची जागा तिनं ठरवून टाकली, पिठाची गिरणी. तिथं पट्ट्याचा आवाज इतका की हंबरडा फोडला तरी ऐकू जाणार नाही, आणि डोळे लाल दिसले तर पीठ उडालं म्हणायचं. दळणाचा डबा घेऊन जायची, मोकळी होऊन यायची. दुपारी घटकाभर सुनंदाबाईकडे बसायची. तिथं आजाराचं नाव काढायचं नाही, असं दोघींत ठरलेलं. भलत्याच गोष्टींवर त्या खिदळायच्या. “नवरा असा घरात बसलाय आणि हिला हसू सुचतं!” असं कोणीतरी म्हणालंच. सुनंदाबाईनं परस्पर उत्तर दिलं, “मग काय दोघांनी दाराच्या मागं बसायचं? आणि चुलीपाशी तुम्ही येणार का?”

शेटजी भला माणूस. त्यांनी फॉल लावायला साड्या घरी पाठवायला सुरुवात केली. पुष्पा फॉल लावायची आणि साडी हिलालपुढे टाकायची. सांगायची नाही काही. साडी दिसली की त्याचे हात आपोआप चालायचे. घडीवर घडी, काठाला काठ, सुरकुती नाही. तोंड बंद, पण हात मात्र जुन्या हिलालचे. आणि त्याची ती बडबड पुष्पा स्वतः करायची. “ही नका घेऊ माय, नणंद मागून घेईल.” ती अगदी त्याच्या आवाजात म्हणायची. एकदा त्याच्या ओठाचा कोपरा हलला असं तिला वाटलं. भास असेल, पण तेवढ्यावर तिचे आठ दिवस निघाले.

सगळेच दिवस असे नव्हते, तेही सांगायला हवं. ती काही देवी नव्हती. एकदा भर दुपारी तिचा तोल गेला. “बोला ना हो! शिव्या द्या, मारा, पण बोला!” म्हणून तिनं हातातला तूरडाळीचा डबा भिंतीवर फेकला. खोलीभर डाळ झाली. तो दचकला, मग गुडघ्यांवर बसून दाणा दाणा वेचायला लागला. पुष्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीही त्याच्या शेजारी बसली. पोरी शाळेतून येईपर्यंत दोघं डाळ वेचत होती. शेवटी त्यानं आपली ओंजळ तिच्या डब्यात रिकामी केली आणि तिच्या कपाळावरचा घाम आपल्या बाहीनं पुसला. त्या दिवशी तिला कळलं, की हा माणूस आत आहे. हरवलेला नाही, नुसता आत गेलाय. बाहेर यायला त्याला दार सापडत नाहीये, इतकंच.

आषाढ सरत आला तेव्हा पंडित पुन्हा आला. जेठानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलला.

“सहा महिना झायात. पोरीस्ले लिसन माहेर जावानं. हिलाल मयामा ऱ्हाई. जळगावनं बिऱ्हाड मोडी टाकूत. कानबाईना रोटले बठ्ठा भाऊबंद जमस, तवय ठरावूत.”

म्हणजे पुष्पानं मुलींना घेऊन माहेरी जायचं, हिलालला गावाच्या मळ्यात ठेवायचं, जळगावचं घर बंद, आणि हे कानबाईच्या रोटाला सगळे भाऊबंद जमतील तेव्हा ठरवायचं. पंडित वाईट नव्हता. भावाचा संसार बुडताना त्याला बघवत नव्हता, म्हणून तो नाव फोडून लाकूड वाटून घ्यायला निघाला होता, एवढंच. पण पुष्पाच्या पायाखालची जमीन सरकली. मळ्यात हा माणूस एकटा राहणार. गोळी कोण देणार, साडी पुढ्यात कोण टाकणार? आणि मळ्यात विहीर होती. त्याच्या पुढचं तिनं मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही.

खानदेशात कानबाई म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नागपंचमी झाली की श्रावणातल्या रविवारी ही कुळाची देवी घरी येते, आणि सुरत, नाशिक, जिथं कुठं कुळातला माणूस असेल तिथून तो गावाला येतो. भांडलेले भाऊ एका पंगतीला बसतात. रोट हा तिचा नैवेद्य. तो कुळातल्यांनीच खायचा, घास उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि त्या रोटाचे गहू मोजायचे ते कुळातल्या पुरुषांच्या नावानं, प्रत्येकाची एक मूठ आणि वर चिमूटभर.

हिलालच्या घरात याला आणखी एक रीत होती. गहू मोजायची त्याची आई भागाबाई. सगळं घर तिला अक्का म्हणायचं, पोटची पोरंसुद्धा. अक्का नाव पुकारायची आणि ज्याचं नाव त्यानं ‘शे’ म्हणून ओ द्यायची. आहे, मी इथं आहे. ओ आली की मूठ परातीत. तान्ह्या पोराची ओ त्याचा बाप द्यायचा. आणि ज्याची ओ आली नाही, त्याची मूठ नाही. परगावी राहिलेला असो की रुसून बसलेला, त्या वर्षी तो मोजणीत नाही. ही रीत अक्काच्या सासूची. अक्का मोडायची नाही.

रोटाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, गावच्या घराच्या ओसरीत घोंगड्यांवर सगळे पुरुष बसले, मधोमध गव्हाचं सूप आणि परात घेऊन अक्का. हिलालही होता, खांबाच्या आड. बायका डोक्यावर पदर घेऊन दाराशी. त्यात पुष्पा आणि तिला चिकटून दोघी मुली. अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला समोरचं माणूस धूसर दिसायचं, पण आवाज मात्र खणखणीत.

“पंडित!”

“शे!”

“वना!”

“शे, अक्का! सुरतथीन येल शे, दोन मुठी टाक!” सुरतेहून आलेला धाकटा भाऊ वना ओरडला. सगळे हसले. अक्कानं एकच मूठ टाकली.

“सुपडू!” सुपडूची ओ इतकी मोठी की ओसरीतली कोंबडी उडाली. “झुलाल!” झुलाल पाळण्यात होता, त्याच्या बापानं ओ दिली. हशा, टिंगल, गव्हाचा तो परातीत पडतानाचा आवाज. दरवर्षी ह्याच गर्दीत हिलालची ओ सगळ्यांत रंगीत असायची. एका वर्षी त्यानं ‘शे, शे, शे’ म्हणत गिऱ्हाइकाला दाखवावी तशी अक्काच्याच साडीची तारीफ करून तिला लाजवलं होतं.

“हिलाल!”

कोणी हललं नाही.

“हिलाल!” अक्का पुन्हा म्हणाली. तिची मूठ परातीवर तशीच धरलेली. हिलाल आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. वनानं मान खाली घातली. पंडितनं खाकरून घसा साफ केला, त्याला जे बोलायचं होतं ते आता आपोआपच ठरत होतं. ज्याची मूठ नाही त्याच्या बिऱ्हाडाचं कोण ऐकणार? पुष्पाला तर मुलगाही नव्हता, की त्याच्या नावानं तरी त्या परातीत तिच्या घरचे चार दाणे पडावेत.

“हिलाल!” तिसऱ्यांदा अक्काचा आवाज फाटला. आईच होती शेवटी. पण तिची मूठ हळूहळू मागं, सुपाकडे जायला लागली.

“शे!”

ओ दाराकडून आली होती. बाईच्या आवाजात. पुष्पा उभी होती, पदर डोक्यावर.

एकदम गलका झाला. बाईनं ओ दिली! जेठासमोर, भाऊबंदांसमोर! मोठी जाऊ मंदाबाई झुलालच्या पाळण्याकडे बोट दाखवत फिसकन हसली. “का वं, तो काय पायनामा शे का, तू ओ दी राहिनी?”

“पायनामा नही, पन मन्हा शे,” पुष्पा म्हणाली. मग तिला थांबता आलं नाही. “आजारी शे. मरेल नही शे, पयेल नही शे. आठे बशेल शे. तुमले दिखत नही व्हई ते मी दखाडस.” माझा आहे, मेला नाही, पळाला नाही, इथं बसलाय, दिसत नसेल तर दाखवते, असं म्हणून ती जेठाच्या, दिराच्या मधून चालत गेली आणि हिलालच्या शेजारी, पुरुषांच्या घोंगडीवर, बसली.

अक्कानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग तिनं मूठ परातीत सोडली आणि वर चिमूट टाकली.

आता एक गोष्ट सांगून ठेवलेली बरी. हिलाल त्या दिवशी बरा झाला नाही. मुठीनं माणूस बरा होत असता तर डॉक्टर उपाशी मेले असते. गोळ्या पुढं कितीतरी दिवस चालल्या. दुकानात तो दिवाळीनंतर गेला, तोही आधी नुसता घड्या घालायला. पुढंही मधूनमधून ते मळभ यायचं, आणि मग त्या दोघांनी ते कसं घालवायचं हे शिकून घेतलं, जसं लोक संधिवात सांभाळायला शिकतात. तेव्हा कोणी चमत्कार झाला म्हणून सांगितलं तर त्याला खुशाल थापाड्या म्हणा. पण त्या दुपारी तो उठला, हे मात्र खरं.

तो उठला, परातीपाशी गेला आणि अक्काच्या पुढ्यातल्या सुपात हात घातला. मूठ भरली, वर चिमूट घेतली.

“हाई कोन्ही मूठ?” ही कोणाची मूठ, असं अक्कानं विचारलं. तिला हात दिसला होता, कोणाचा ते नीट दिसलं नव्हतं.

“पुष्पानी,” हिलाल म्हणाला. घोगरा, खरखरीत आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा.

“हिलाल? तू बोलना?” अक्काचा हात त्याचं तोंड शोधायला लागला. मग ती भानावर आली. “पन भाऊ, बायास्नी मूठ नही ऱ्हास.”

त्याला शब्द एकेक करून आतून ओढून आणावे लागत होते. सगळ्यांना ते दिसत होतं.

“मी आठे शे,” तो म्हणाला, “ते तिन्हामुये शे.” तो इथं होता तो तिच्यामुळे.

पंडित पुढं सरकला. “अक्का, रीत नही शे. अन् ते जळगावनंबी ठरावानं शे आपलेले—”

“रीत तू माले शिकाडू नको!” अक्का कडाडली. “तुन्ही आजी माले शिकाडी गयी. जळगावनं तू काय ठरावशी? ज्यान्ही मूठ शे, त्यानं घर शे. त्या दोन्ही ठरावतीन.” ज्याची मूठ त्याचं घर, जळगावचं ते दोघंच ठरवतील. तिनं पदरानं डोळे पुसले, मोतीबिंदूचेच डोळे, नीट पुसता येईनात. मग तिनं हिलालची मूठ मनगटाला धरून परातीवर आणली. ओ आल्याशिवाय ती सोडू द्यायची नाही. तिनं मान वर केली आणि त्याच खणखणीत आवाजात, जसं पंडितला, वनाला, सुपडूला पुकारलं होतं, तसं पुकारलं.

“पुष्पा!”

पुष्पानं तोंड उघडलं. सहा महिने जी बाई दोघांचं मिळून एकटी बोलत होती, तिच्या गळ्यातून आवाज निघेना. ती नुसती मान हलवत होती, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून घोंगडीवर पडत होतं. अक्काला ते दिसणं शक्यच नव्हतं. अक्का वाट बघत राहिली. आईमागं आलेल्या इंदूनं तिचा दंड हलवला, तरी नाही.

“पुष्पा!” अक्का पुन्हा म्हणाली.

हिलालनं मागं वळून बायकोकडे पाहिलं. मग पुन्हा आईकडे तोंड केलं.

“शे,” तो म्हणाला.

अक्कानं त्याचं मनगट सोडलं आणि गहू परातीत पडले.